समुद्रतळाची खोली आणि उपग्रह : नकाशातला कोणता आकडा कितपत धरावा?

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही हिंदी महासागराच्या तळाचा एक रंगीत नकाशा छापला होता आणि त्याखाली ‘उपग्रह व जहाजांच्या मोजणीवर आधारित’ एवढीच ओळ दिली होती. ती ओळ अपुरी असल्याचे कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांनी दाखवून दिले. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात खोल शिरत नाहीत, असे आम्ही वर्गात शिकवतो. मग उपग्रहाला चार किलोमीटर पाण्याखालचा पर्वत कसा दिसतो? शिवाय तुमच्या नकाशात काही ठिकाणी पट्टीने ओढल्यासारख्या सरळ रेघा आहेत. त्या कशाच्या? (भूगोलाच्या शिक्षिका, राजारामपुरी)

उत्तर : आपण शिकवता ते बरोबरच आहे, आणि त्याचा सरळ अर्थ असा की उपग्रहाला तो पर्वत दिसत नाही. उपग्रहावरील उंचीमापक रडार खाली स्पंद सोडते, तो समुद्राच्या पृष्ठभागावरून परततो आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून उपग्रह व पाणी यांच्यातील अंतर निघते. उपग्रह स्वतः नेमका कुठे आहे हे जमिनीवरील लेसर व रेडिओ केंद्रांमुळे ठाऊक असते, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागाची उंची काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने हाती येते. मोजणी म्हणायची ती एवढीच. तळाविषयीचे पुढचे सारे अनुमान आहे.

या अनुमानाचा आधार असा. लाटा सरासरीत काढून टाकल्या आणि भरती-ओहोटी वजा केली, तरी समुद्राचा पृष्ठभाग सपाट राहत नाही. तळावर बेसाल्टचा मोठा ढीग असेल तर त्याचे वस्तुमान भोवतालच्या पाण्याहून अधिक असते, ते आजूबाजूचे पाणी स्वतःकडे ओढते आणि पर्वताच्या वर पाण्याचा एक पसरट उंचवटा तयार होतो. सुमारे २००० मीटर उंचीच्या सागरी पर्वतावर हा उंचवटा साधारण २ मीटरांचा असतो, पण तो कित्येक किलोमीटर पसरलेला असल्यामुळे त्यावरून जाणाऱ्या जहाजाला त्याची जाणीवही होत नाही. सागरी गर्तेवर याच्या उलट पाणी खाली दबलेले असते. पृष्ठभागाच्या या सूक्ष्म उतारांवरून गुरुत्वाकर्षणातील फरक काढतात आणि गुरुत्वाकर्षणावरून तळाच्या चढउतारांचा अंदाज बांधतात.

येथे एक अडचण आहे, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. समुद्रपृष्ठाचे सगळेच चढउतार तळामुळे झालेले नसतात. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराचा पृष्ठभाग पृथ्वीच्या आदर्श लंबगोलाच्या मानाने सुमारे १०६ मीटर खाली आहे. जगातील हा सर्वांत खोल असा खळगा आहे, परंतु त्याचे कारण तळावरील एखाद्या दरीत नसून पृथ्वीच्या आवरणात, कित्येकशे किलोमीटर खोल आहे. शिवाय मोठ्या पर्वतरांगांच्या भाराने त्यांच्याखालचे कवच वाकते किंवा खाली जाते, आणि त्यामुळे दीर्घ अंतरावर पर्वताचा गुरुत्वीय ठसा जवळजवळ पुसला जातो. म्हणून साधारण १६० किलोमीटरांपेक्षा लांब चढउतारांसाठी उपग्रहाचा गुरुत्वनकाशा वापरत नाहीत. तो भाग जहाजांनी ध्वनीच्या साहाय्याने घेतलेल्या खोलींवरून भरतात. त्याहून आखूड चढउतार उपग्रहाकडून घेतात, पण तेथेही ‘इतक्या गुरुत्वफरकाला इतके मीटर’ हे प्रमाण त्या त्या भागातील जहाजी मोजण्यांशी ताडूनच ठरवावे लागते. थोडक्यात, जहाजांवाचून उपग्रहाचा नकाशा मुळात तयारच होत नाही.

पद्धतीचा इतिहास तसा अलीकडचा आहे. अमेरिकेचा सीसॅट हा उपग्रह १९७८ मध्ये जेमतेम तीन महिने चालला, पण कल्पना खरी असल्याचे त्याने दाखवून दिले. १९८५ मध्ये अमेरिकी नौदलाने जिओसॅट सोडला. त्याची दाट मोजणी दहा वर्षे गुप्त होती आणि युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहाने तशीच मोजणी करून ती खुली केल्यावर, १९९५ मध्ये, ती गुप्तता उठली. या दोन्हींच्या आधारे वॉल्टर स्मिथ आणि डेव्हिड सँडवेल यांनी १९९७ मध्ये जगाच्या समुद्रतळाचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्याच्याच सुधारित आवृत्त्या आज आपण संगणकावर पाहतो. या कामात भारताचाही वाटा आहे. इस्रो आणि फ्रान्सची अंतराळसंस्था यांचा ‘सरल’ हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. आधीच्या उंचीमापकांपेक्षा त्याच्या रडारची लहर आखूड होती, त्यामुळे पाण्यावर पडणारा त्याचा ठसा लहान होता. २०१६ पासून त्याची कक्षा हळूहळू सरकू दिली गेली. परिणामी तो त्याच त्या मार्गांवरून न जाता मधल्या रिकाम्या पट्ट्यांवरून जाऊ लागला, आणि तळाच्या नकाशासाठी नेमके तेच हवे होते.

आता रेघांविषयी. त्या जहाजांच्या वाटा आहेत. जेथे जहाजाने प्रत्यक्ष खोली मोजली तेथे तो आकडा नकाशात तसाच बसवतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उपग्रहाचा गुळगुळीत अंदाज असतो, म्हणून सांधा उघडा पडतो. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगलच्या नकाशात कॅनरी बेटांजवळ तळावर आखीव रस्त्यांसारखे जाळे दिसले आणि बुडालेले अटलांटिस सापडल्याची आवई जगभर उठली. तेही अशाच जहाजांच्या फेऱ्यांचे चिन्ह होते. आपल्या विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे, कारण त्या नकाशात सर्वांत विश्वसनीय आकडे त्या कुरूप रेघांवरच असतात.

प्रश्न : खोल समुद्रात उपग्रहावरून काढलेल्या खोलीची अनिश्चितता ±१५० मीटर असल्याचे मी वाचले. ४००० मीटर खोलीला ही चूक चार टक्क्यांहूनही कमी आहे. मग या नकाशांना अचूक म्हणण्यास हरकत कोणती? (पदव्युत्तर विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर)

उत्तर : आकडा आपण बरोबर दिला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक ग्रिडच्या (समुद्राचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकाला एक खोली देणाऱ्या जाळीच्या) कर्त्यांनी खोल महासागरासाठी ±१५० मीटर, तर किनाऱ्यापासून खंडान्त उताराच्या पायथ्यापर्यंतच्या भागासाठी ±१८० मीटर अशी अनिश्चितता दिली आहे. हरकत आहे ती टक्केवारीला. ४००० मीटरांपैकी बहुतेक खोली ही त्या प्रदेशाची सर्वसाधारण पातळी असते आणि ती जहाजांवरून आधीच ठाऊक असते. उपग्रहाला सांगायचे असते ते त्या पातळीवरचे चढउतार, आणि ते बहुतेक ठिकाणी काही शे मीटरांचेच असतात. ३०० मीटरांच्या टेकडीच्या बाबतीत १५० मीटरांची चूक चार टक्क्यांची न राहता निम्मी होते.

दुसरी गोष्ट अशी की ही चूक सर्वत्र सारखी पसरलेली नसते. तिचे स्वरूप समजण्यासाठी थोडे गणित करू. पाणी आणि बेसाल्ट यांच्या घनतेतील फरक दर घनसेंटिमीटरला सुमारे १.८ ग्रॅम धरला, तर एक मिलिगाल गुरुत्वफरकासाठी साधारण साडेतेरा मीटर जाडीचा खडक पुरतो. (पृथ्वीचे गुरुत्व सुमारे ९,८०,००० मिलिगाल असते, म्हणजे एक मिलिगाल हा जवळपास दशलक्षांश भाग झाला.) पण हा हिशोब तळालगतचा आहे. आपण मोजतो ते चार किलोमीटर वर, आणि वर येताना आखूड चढउतारांचा ठसा फार झपाट्याने विरतो. जाड दुलईखाली ठेवलेल्या भांड्यांचा आकार वरून चाचपून ओळखावा, तसा हा प्रकार आहे : परात कळते, वाट्या कळत नाहीत. ४ किलोमीटर खोलीवर २५ किलोमीटर तरंगलांबीच्या चढउतारांचा सुमारे ३७ टक्के ठसा पृष्ठभागापर्यंत पोचतो, १६ किलोमीटरांच्या चढउतारांचा सुमारे २१ टक्के, तर ८ किलोमीटरांच्या चढउतारांचा जेमतेम ४ टक्के. उलट दिशेने पाहिले तर गुरुत्वातील एका मिलिगालची चूक पहिल्या प्रसंगी खोलीत सुमारे ३७ मीटर, दुसऱ्यात ६५ मीटर आणि तिसऱ्यात ३०० मीटरांहून अधिक चूक घडवते. म्हणूनच साधारण १२ ते १५ किलोमीटरांपेक्षा आखूड रूपे गाळून टाकतात, नाहीतर नकाशाभर खोटे डोंगर उगवतील.

यातून एक फसगत होते, आणि संगणकावर ग्रिड उतरवून घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तिच्यापासून सावध राहावे. जेबको या समुद्राच्या खोलीचे नकाशे तयार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या (त्याची सुरुवात १९०३ मध्ये मोनॅकोचे राजे आल्बेर पहिले यांच्या पुढाकाराने झाली) सध्याच्या ग्रिडचा चौकोन १५ विकलांचा, म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारे ४६० मीटरांचा आहे. चौकोन इतका बारीक असल्याने माहितीही तितकीच बारीक असावी असा समज होतो. जेथे फक्त उपग्रहाचा अंदाज आहे तेथे शेजारशेजारच्या डझनभर चौकोनांत मिळून एकच स्वतंत्र माहिती असते, बाकीचे आकडे तिचे पसरणे असते. याउलट जहाजावरील आधुनिक बहुशलाका ध्वनिमापक (एकाच वेळी ध्वनीचे अनेक झोत सोडून खोली मोजणारे यंत्र) ४ किलोमीटर खोलीवरही सुमारे ७० मीटरांचा तुकडा वेगळा ओळखतो.

तिसरा मुद्दा गाळाचा. आपले कोल्हापूर ज्या काळ्या बेसाल्टवर वसले आहे, त्याच दख्खनच्या लाव्ह्याचे थर कोकण किनाऱ्यापुढे समुद्रबूड जमिनीच्या खालीही गेलेले आहेत, मात्र तेथे त्यांच्यावर गाळाचे जाड थर आहेत. गुरुत्वाकर्षणाला गाळाखाली गाडलेला बेसाल्टचा उंचवटा जाणवतो, पण वरचा तळ सपाट असतो. अशा ठिकाणी उपग्रहाचा गुरुत्वनकाशा अत्यंत अचूक असूनही त्यावरून काढलेली खोली साफ चुकीची ठरू शकते. गंगा-ब्रह्मपुत्रेने बंगालच्या उपसागरात आणि सिंधूने अरबी समुद्रात पसरलेले गाळाचे प्रचंड पंखे ही याची आपल्या दारातली उदाहरणे आहेत. भूगर्भतज्ज्ञांना मात्र हीच विसंगती उपयोगी पडते, कारण तळावर न दिसणारी गाडलेली रचना तिच्यामुळे उघड होते.

राहिला प्रश्न अचूक म्हणावे की नाही याचा. माझ्या मते तो कामावर अवलंबून आहे. त्सुनामीचा वेग खोलीच्या वर्गमुळावर ठरतो. ४००० मीटर खोलीत तो ताशी सुमारे ७१० किलोमीटर असतो. तेथे खोली १५० मीटरांनी चुकली तर वेगात सुमारे दोन टक्क्यांचा फरक पडतो आणि २००० किलोमीटरांच्या प्रवासात लाट पोचण्याची वेळ तीन-साडेतीन मिनिटांनी चुकते, तीही वाटेतील सगळ्या चुका एकाच बाजूला झुकल्या तरच. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतील त्सुनामी इशारा केंद्रासारख्या कामाला खुल्या समुद्रात एवढी अचूकता चालून जाते, किनाऱ्याजवळ मात्र चालत नाही. पाणबुडीचे गणित अगदी निराळे आहे. ८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेची सॅन फ्रान्सिस्को ही पाणबुडी ग्वाम बेटाच्या दक्षिणेकडे पाण्याखालील पर्वतावर पूर्ण वेगाने आदळली. एक खलाशी मरण पावला आणि अनेक जखमी झाले. तो पर्वत तिच्याजवळच्या नौकानयन नकाशावर नव्हता. उपग्रहाच्या नकाशाचा येथे उपयोग ‘या भागात काहीतरी आहे, जपून’ असा इशारा देण्यापुरता झाला असता, माथा नेमका किती खोल आहे हे त्यावरूनही कळले नसते. उपग्रहाचा अंदाज टोकदार माथे गुळगुळीत करून टाकतो, आणि नौकेला धोका असतो तो नेमका माथ्याचा.

तेव्हा आपल्या प्रबंधात संपूर्ण ग्रिडसाठी एकच अनिश्चितता लिहू नये. जेबकोच्या ग्रिडसोबत प्रत्येक चौकोनाचा स्रोत सांगणारा दुसरा ग्रिड मिळतो. त्यात ११ हा अंक बहुशलाका ध्वनिमापनाचा, १० हा एकशलाका ध्वनिमापनाचा आणि ४० हा उपग्रहीय गुरुत्वावरून केलेल्या अंदाजाचा आहे. आपल्या अभ्यासक्षेत्रात कोणत्या अंकाचे चौकोन किती टक्के आहेत, हे आधी मोजावे. परीक्षक म्हणून मी पहिला प्रश्न तोच विचारीन.

प्रश्न : मंगळाचा नकाशा समुद्रतळाच्या नकाशापेक्षा चांगला आहे, हे खरे का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : बारकाव्याच्या दृष्टीने खरे आहे. मंगळावर महासागर नसल्यामुळे लेसर आणि कॅमेरा थेट जमिनीपर्यंत पोचतात. आपल्याकडे मध्ये पाणी आहे, आणि त्यातून दूरवर जाणारी गोष्ट म्हणजे ध्वनी. तो पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, पण त्यासाठी जहाज त्या जागी न्यावे लागते. मात्र ‘समुद्रतळाविषयी काहीच माहिती नाही’ असे जे त्याला जोडून सांगितले जाते, ते अतिशयोक्त आहे.

प्रश्न : आमचे नातेवाईक मालवणला मासेमारी करतात. मोबाइलवरील ॲपमध्ये त्यांच्या नेहमीच्या जागेची खोली १४ मीटर दिसते. तांडेल ती सहा वाव, म्हणजे जेमतेम ११ मीटर सांगतात आणि त्यांच्या साउंडरवरही (ध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्रावर) तेवढीच दिसते. उपग्रह चुकतो की तांडेल? (एक व्यापारी, शाहूपुरी)

उत्तर : बोट चालवायची असेल तर तांडेलांचेच धरावे. कारणे मात्र समजून घेण्यासारखी आहेत, कारण हा फरक एकाच चुकीतून आलेला नसावा.

पहिले म्हणजे, वर सांगितलेली गुरुत्वाकर्षणाची पद्धत इतक्या उथळ पाण्यात निकामी आहे. किनाऱ्यापासून काही किलोमीटरांच्या आत रडारच्या ठशात जमीन येऊ लागते आणि उंचीची मोजणीच बिघडते. त्यातून कोकणासमोरची समुद्रबूड जमीन सपाट आणि गाळाने भरलेली, म्हणजे गुरुत्वावरून खोली काढण्यास प्रतिकूल. अनेक ॲप जागतिक ग्रिडमधला आकडा उचलतात. किनाऱ्याजवळ तो जुन्या नकाशांतील विरळ बिंदूंच्या मधला भाग संगणकाने भरून तयार झालेला असू शकतो आणि साडेचारशे मीटरांच्या चौकोनाला एकच खोली दिलेली असते. मालवणच्या पाण्यात तेवढ्या अंतरात खडक, वाळू आणि चर असे तिन्ही येऊ शकतात.

दुसरे कारण खोली कोठून मोजायची याचे. जागतिक ग्रिड ढोबळमानाने सरासरी समुद्रपातळीपासून खोली देतात. नौकानयनाचे नकाशे मुद्दाम ओहोटीच्या फार खालच्या पातळीपासून खोली देतात, म्हणजे प्रत्यक्षात पाणी नकाशापेक्षा सहसा जास्तच मिळावे. भारतीय बंदरांसाठी ही पातळी, उधाणाच्या ओहोटीचा आधार घेऊन, जॉर्ज डार्विन या शास्त्रज्ञाने सुचवली होती. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असूनही त्यांत मीटरभराचा किंवा अधिक फरक पडतो. तांडेलांनी खोली उधाणाच्या ओहोटीला घेतली की भांगाच्या दिवसांत, यानेही आकडा बदलतो. साउंडरचा संवेदक बोटीच्या तळाशी बसवलेला असतो. तो पाण्याखाली जितका असेल तितके मिळवल्याचा बंदोबस्त यंत्रात केलेला नसेल, तर यंत्र खोली तेवढी कमी दाखवते, हेही एकदा तपासून घ्यावे.

तिसरी शक्यता अशी की ॲपने प्रकाशी पद्धतीने काढलेली खोली वापरली असेल. सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहांच्या चित्रांत १० मीटरांपर्यंतचा तपशील दिसतो. पाण्यात लाल प्रकाश लवकर शोषला जातो, निळा-हिरवा खोल जातो. तळावरून परतलेल्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या प्रमाणावरून, काही ठाऊक खोलींशी ताडून, बाकीची खोली काढता येते. लक्षद्वीपच्या खाजणांसारख्या नितळ पाण्यात ही पद्धत २० मीटरांपर्यंत, क्वचित त्याहूनही पुढे, चांगली चालते. गढूळ पाण्यात प्रकाश तळापर्यंत जाऊन परततच नाही. पावसाळ्यात आणि खाड्यांच्या मुखाशी कोकणचे पाणी तसेच असते. आणखी एक खोड म्हणजे, काळसर खडक किंवा शेवाळाचा तळ प्रकाश कमी परतवतो म्हणून तो खोल वाटतो, पांढरी वाळू उथळ वाटते. प्रमाणाच्या पद्धतीने ही चूक कमी होते, जात नाही. आपल्या नातेवाइकांच्या जागेचा तळ खडकाळ असेल तर १४ मीटरांचे एक कारण येथेही असू शकेल.

२०१८ मध्ये सोडलेल्या आइससॅट-२ या उपग्रहाने या कामात चांगली भर घातली आहे. तो मुळात बर्फाची उंची मोजण्यासाठी आहे, पण त्याचा हिरवा लेसर नितळ पाण्यात शिरून तळावरून परततो. अतिशय नितळ पाण्यात तो सुमारे ४० मीटरांपर्यंत पोचतो. पाण्यात प्रकाशाचा वेग मंदावतो, म्हणून कच्ची खोली प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक भरते. ही दुरुस्ती न केलेला आकडा वापरणारे महाभागही आढळतात. या लेसरने फक्त अरुंद रेषा मिळतात, पण प्रकाशी चित्रे ताडून पाहायला त्या पुरतात आणि जहाज न पाठवताही काम होते.

नौकानयनाच्या नकाशांची प्रतवारी पाहिली की या सर्वांची पायरी कळते. सर्वोच्च प्रतीत खोलीची चूक अर्धा मीटर अधिक खोलीच्या एक टक्का इतकीच चालते, म्हणजे १० मीटरांवर ६० सेंटिमीटर. उपग्रहाच्या प्रकाशी पद्धतीला साधारणपणे मिळते ती ‘सी’ प्रत, जिच्यात २ मीटर अधिक पाच टक्के, म्हणजे त्याच खोलीवर अडीच मीटर, इतकी चूक धरलेली असते. आपला तीन मीटरांचा फरक पाहता ॲपने फार काही नवल केलेले नाही. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा नकाशा आणि बोटीवरचा साउंडर यांना पर्याय म्हणून ते ॲप वापरू नये. मासे कोठे मिळतील याचा ढोबळ अंदाज घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : याच तंत्राने रंकाळ्यातील किंवा राधानगरी धरणातील गाळ मोजता येईल का? (निवृत्त अभियंता, कळंबा)

उत्तर : रंकाळ्यासाठी नाही. पाणी हिरवट आणि गढूळ, त्यामुळे प्रकाशी पद्धत बाद होते. गुरुत्वाच्या पद्धतीला तर तलावाचा आकारच पुरेसा नाही. लहान बोट, साउंडर आणि जीपीएस घेऊन केलेली मोजणी तेथे स्वस्तही पडेल आणि खरीही.

धरणांच्या बाबतीत मात्र उपग्रह वेगळ्या वाटेने उपयोगी पडतो. जलाशयाची पातळी वर्षभर बदलते. वेगवेगळ्या पातळ्यांना पाण्याने व्यापलेले क्षेत्र उपग्रहचित्रांवरून मोजले, की त्या दोन पातळ्यांमधील साठा निघतो. तो मूळच्या साठ्यापेक्षा जितका कमी भरेल तितका गाळ त्या पट्ट्यात साचलेला असतो. केंद्रीय जल आयोगाने देशातील अनेक जलाशयांसाठी ही पद्धत वापरलेली आहे. तिची मर्यादा आपल्यासारख्या अभियंत्याच्या लगेच लक्षात येईल : ज्या पातळीखाली पाणी कधी उतरतच नाही, तेथील गाळ उपग्रहाला कळत नाही. शिवाय जलाशय पूर्ण भरतो तेव्हा आपल्याकडे आकाश ढगाळ असते आणि हवे ते चित्र मिळत नाही. अशा वेळी ढगांतून पार होणाऱ्या रडारची चित्रे वापरता येतात.

प्रश्न : ‘स्वॉट’ या नव्या उपग्रहाने समुद्रतळाचे अतिशय स्पष्ट चित्र मिळाल्याचे वाचले. मग जहाजांनी मोजणी करण्यावर खर्च कशाला? (वरील विद्यार्थ्याच्याच पत्रातील दुसरा प्रश्न)

उत्तर : स्वॉट हा अमेरिका व फ्रान्स यांचा उपग्रह १६ डिसेंबर २०२२ रोजी सोडण्यात आला आणि त्याच्याविषयीचे कौतुक रास्त आहे. आधीचे उंचीमापक आपल्या मार्गाखालील एका रेषेवरचीच उंची मोजत. स्वॉटचे रडार १२० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातील समुद्रपृष्ठाचे चित्र घेते. जुन्या उपग्रहांनी मिळून अनेक वर्षांत जे गुरुत्वचित्र उभे केले, त्याहून स्पष्ट चित्र स्वॉटच्या एका वर्षाच्या मोजणीतून मिळाले, असे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यात तळावरील लहान टेकड्यांच्या ओळी आणि एक किलोमीटरपेक्षा कमी उंचीचे सागरी पर्वतही ओळखू येतात. २०२३ पर्यंत उपग्रहांवरून सुमारे ४३,५०० सागरी पर्वतांची नोंद झाली होती, ती आता एक लाखापर्यंत जाईल असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

पण स्वॉट जे सुधारतो ती मोजणी आहे, त्यानंतरचे अनुमान नव्हे. वर दिलेले विरण्याचे गणित पाण्याच्या खोलीवर अवलंबून आहे, उपग्रहाच्या गुणवत्तेवर नाही. गुरुत्वातील चूक निम्मी झाली तर ८ किलोमीटरांच्या चढउतारांमधील खोलीची चूक ३०० वरून १५० मीटरांवर येईल. ही प्रगती मोठी आहे, तरीही ४ किलोमीटर खोलीवरील दोन किलोमीटर रुंदीची टेकडी तेवढ्याने दिसू लागणार नाही. गाळाची अडचण तर जशीच्या तशी राहते, कारण गुरुत्व कितीही अचूक मोजले तरी उंचवटा उघडा आहे की गाडलेला, हे ते सांगत नाही.

म्हणून २०३० पर्यंत संपूर्ण समुद्रतळाचा नकाशा करण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सीबेड २०३०’ या उपक्रमात उपग्रहाच्या अंदाजाला मोजणी म्हणून धरत नाहीत. तो सुरू झाला तेव्हा जगाच्या समुद्रतळाचा सुमारे ६ टक्के भाग आधुनिक दर्जाने मोजलेला होता. जून २०२५ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्क्यांवर पोचले. या वाढीतील बराचसा भाग नव्या सफरींचा नसून संस्था, कंपन्या आणि देश यांच्या कपाटांत पडून असलेली जुनी मोजणी खुली झाल्यामुळे आलेला आहे. आपल्याला खर्चाची काळजी वाटत असेल तर हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे. हिंदी महासागरात एमएच ३७० हे विमान २०१४ मध्ये बेपत्ता झाल्यानंतर शोधासाठी खोल पाण्यात यंत्रे ओढत नेण्याआधी तळाचे नव्याने ध्वनिमापन करावे लागले, कारण उपग्रहाच्या नकाशावर विसंबून ती यंत्रे कड्यावर आदळण्याचा धोका पत्करता येत नव्हता. ती सर्व मोजणी नंतर खुली करण्यात आली. दक्षिण हिंदी महासागराचा तो पट्टा जेबकोच्या स्रोत-ग्रिडवर उघडून पाहावा. चहूबाजूंच्या ४० अंकाच्या चौकोनांमधून ११ अंकाचा तिरपा पट्टा गेलेला दिसेल, आणि दोन्हींतील तळ शेजारी ठेवून पाहिला की आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच मोजून काढता येईल.